कुमारजींचा ख्याल सुटला कधी होता?

पंडित कुमार गंधर्व यांच्याविषयीचा एक मजकूर, त्यांची जन्मशताब्दी झाली त्या २०२४ सालापासून, बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या संगीतप्रेमींच्या मोबाइलवर फिरतो आहे. क्षयामुळे त्यांचे एक फुफ्फुस निकामी झाले, ख्याल, म्हणजे रागदारी गायनाचा मुख्य प्रकार, पेलेनासा झाला आणि म्हणून ते लोकगीते, निर्गुणी भजने (निराकार ईश्वराची, कबीरासारख्या संतांची पदे), भावगीते अशा ‘हलक्या’ गाण्याकडे वळले, नाहीतर ते निखळ ख्यालगायकच राहिले असते, असे त्यात म्हटले आहे. बेळगावहून मिरजेकडे निघाले की लागणारे सुळेभावी हे त्यांचे जन्मगाव. त्या गावच्या शेजारी राहून हार्मोनिअम शिकवणाऱ्या मला हा मजकूर वाचून मनापासून वाईट वाटले, कारण तो कौतुकाच्या सुरात लिहिलेला आहे आणि म्हणूनच लोक तो खरा मानतात.

आजारपण खरे आहे. १९४८ च्या आरंभी कोरड्या हवेसाठी कुमारजी माळव्यातल्या (मध्य प्रदेश) देवासला गेले, काही वर्षे त्यांचे गाणे पूर्ण बंद राहिले आणि स्ट्रेप्टोमायसिन मिळू लागल्यावर ते बरे झाले. त्यांच्या दमसासावर (श्वास टिकवण्याच्या ताकदीवर) आणि आवाजाच्या लगावावर (स्वर लावण्याच्या रीतीवर) या दुखण्याचा परिणाम झाला, हेही मी नाकारत नाही. पण त्यावरून ‘ख्याल सुटला’ असा निष्कर्ष निघत नाही. १९६५ साली प्रसिद्ध झालेला ‘अनुपरागविलास’ हा त्यांच्या स्वरचित बंदिशींचा, म्हणजे रागात बांधलेल्या गीतांचा, संग्रह आहे, आणि त्या बंदिशी रागांतल्या आहेत. पुढे त्यांनी ‘ठुमरी, टप्पा, तराना’ असा स्वतंत्र कार्यक्रमही केला. टप्पा हा जलद तानांचा गानप्रकार; त्यातल्या ताना किती दाणेदार आणि एकामागोमाग एक घ्याव्या लागतात हे ज्याने एकदा गळ्यावर घेऊन पाहिले आहे, तो कधीही म्हणणार नाही की श्वास अपुरा पडणारा गायक सोय म्हणून टप्प्याच्या वाटेला गेला.

लोकगीतांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अंथरुणाला खिळलेले असताना माळव्यातल्या बायकांची गाणी कुमारजींच्या कानावर पडत होती, आणि त्या धुनांतच रागांचे मूळ आहे हा विचार त्यांनी पुढे पक्का केला. आमच्याकडे गौरीच्या रात्री बायका फेर धरतात तेव्हाची गाणी मी अनेकदा पेटीवर काढून पाहिली आहेत. बोट चार-पाच पट्ट्यांबाहेर जातच नाही, आणि तरी त्या तेवढ्याशा जागेत वळण असे काही असते की पुढचा स्वर आपोआप सुचतो. कुमारजींनी नेमके हेच हेरले. धुनेत दडलेला राग बाहेर काढून त्यांनी मालवती, संजारी, मधसुरजा, लगनगंधार असे धुनउगम, म्हणजे लोकधुनांतून उगवलेले, राग मांडले. मधसुरजातल्या त्यांच्या बंदिशीत बळीसाठी नेलेली बकरी जीव वाचवण्याची विनवणी करते, कारण तिचे पिल्लू घरी एकटे आहे. विषय खेड्यातला, मांडणी रागाची. म्हणजे लोकगीत हे त्यांच्यासाठी ख्यालाला पर्याय म्हणून आलेच नाही; ते ख्यालाच्या आत गेले आणि रागसंगीताची भर झाले.

निर्गुणी भजन ‘हलके’ आहे, हे विधान तर ऐकूनही न घेता केलेले दिसते. नाथपंथी जोग्यांच्या गाण्यातून त्यांनी उचललेली ती स्वर फेकण्याची रीत, एक स्वर पूर्ण ताकदीने टाकून त्यानंतरची शांतता तशीच राखण्याची, ही दमाची बचत करणाऱ्याची रीत नव्हे. माझे विद्यार्थी हे भजन म्हणू लागले की दुसऱ्या ओळीलाच वरच्या षड्जावर त्यांचा आवाज डळमळतो. भावगीतांबद्दल फार लिहीत नाही. ‘अजुनी रुसून आहे’ ज्यांनी ऐकले आहे त्यांना सांगायला नको.

राहिला शेवटचा तर्क, की आजार झाला नसता तर ते एका मार्गानेच गेले असते. हा तर्क काळाच्या हिशेबातच बसत नाही. आजाराच्या दहा-बारा वर्षे आधी, कोवळ्या वयात, मोठमोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवणारा मुलगा म्हणून त्यांची ख्याती झाली होती. एकमेकांशी न जुळणाऱ्या गायक्या त्या एकाच गळ्यात नांदत होत्या. पुढे त्यांना गुरू मिळाले ते प्रा. बी. आर. देवधर, स्वतः विष्णू दिगंबर पलुसकरांचे शिष्य असूनही घराण्याचे कुंपण न मानणारे, नाना गवयांकडून विद्या गोळा करणारे आणि पाश्चात्त्य संगीताचाही अभ्यास केलेले. या सीमाभागात तर ख्यालानंतर नाट्यपद, मग अभंग आणि कानडी वचन असा क्रम एकाच बैठकीत कोणाला खटकत नाही. मल्लिकार्जुन मन्सूर वचने गायले आणि भीमसेन जोशी अभंगांबरोबर कानडी हरिदासांची पदे, तेव्हा त्यांच्या फुफ्फुसांची चौकशी कोणी केली नव्हती.