सायकलच्या मागच्या चाकाबद्दलच्या तक्रारीला आमचं उत्तर

नमस्कार भाऊ,

तुम्ही एक स्टार देऊन लिहिलंय की २८ स्पोकचं हलकं चाक मागूनही आम्ही ३२चं जड चाक गळ्यात मारलं, बेअरिंग हातोडीनं ठोकून बसवली असणार म्हणून पावसाळा संपायच्या आत ती खरखरायला लागली, आणि तीच बेअरिंग मोटर पार्ट्सच्या दुकानात निम्म्या किमतीत मिळते. पैसे मोजून घेतलेलं चाक आवाज करायला लागलं की राग येणारच. म्हणून नीट उत्तर देतो.

आधी बेअरिंग, कारण ती तुमच्यासमोरच उघडली होती. सुईनं रबरी सील उचललं तेव्हा आतलं ग्रीस दुधाळ झालेलं होतं आणि छऱ्यांवर लाल गंज होता. ठोकलेल्या बेअरिंगचं लक्षण वेगळं असतं. आतल्या रेसवर (छरे ज्यावर फिरतात त्या कड्यावर) बसलेला घाव छऱ्यांमधून बाहेरच्या रेसपर्यंत जातो, दोन्ही रेसवर ठरावीक अंतरानं बारीक खळगे पडतात आणि एक्सल बोटांनी फिरवला की टप्प्याटप्प्यानं अडकतो. तुमच्या रेसवर एकही खळगा नव्हता. आम्ही बेअरिंग प्रेसनं बसवतो आणि दाब फक्त बाहेरच्या रेसवर देतो.

पाणी आलं कुठून? तुम्हीच लिहिलंय की दर राइडनंतर सायकल वॉशिंग सेंटरवर धुऊन घेता. सेमिनरी हिल्सचा चिखल धुवायलाच हवा, पण प्रेशर गनची धार हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) बाजूनं मारली की पाणी सीलच्या कडेखालून आत शिरतं आणि मग तिथंच राहतं. ही धार कुठलंच सील फार दिवस झेलत नाही, महागडंसुद्धा नाही. बादली, मग आणि ब्रश एवढं पुरतं.

मोटर पार्ट्सच्या दुकानाबद्दल तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. ६९०२ हा नंबर फक्त माप सांगतो: आतून १५, बाहेरून २८, जाडी ७ मिलिमीटर. त्यापुढं झेडझेड लिहिलं असेल तर झाकण पत्र्याचं असतं. ते धूळ थोडीफार अडवतं, पाणी नाही. टू-आरएस म्हणजे दोन्ही बाजूंना रबरी सील. चांगल्या कंपनीची टू-आरएस तिथून आणलीत तर मी आनंदानं बसवून देईन, फक्त मजुरी घेईन. नवीन हब घेणाऱ्यांनीही आधी हा नंबर विचारावा. ६८०२लाही आतलं भोक १५चंच असतं, पण बाहेरून ती २४ आणि जाडीला ५. छरे बारीक, त्यामुळं ड्रॉपचा, म्हणजे उंचावरून सायकलसकट घेतलेल्या उडीचा, मार सोसायची ताकद कमी.

आता स्पोक. चार जास्तीच्या स्पोकचं वजन निपलसकट (स्पोक रिमला आवळणाऱ्या बारीक नटासकट) तीसेक ग्रॅम. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की उंचावरून ड्रॉप मारायचेत, म्हणून मी ३२वर अडून बसलो. लँडिंगला जमिनीकडचे स्पोक क्षणभर ढिले पडतात. मागच्या चाकात कॅसेटमुळं (उजवीकडच्या गिअरच्या चकत्यांमुळं) डाव्या बाजूचे स्पोक मुळातच कमी ताणलेले असतात. ते पूर्ण ढिले पडले की निपल हळूहळू सुटत जातं आणि चाकाला आउट येतो, म्हणजे ते डगमगत फिरतं. स्पोक जास्त असले की तोच भार जास्त जणांत वाटला जातो. तुमच्या चाकात कॅसेटच्या बाजूचा ताण मीटरवर ११० ते १२० किलोंच्या दरम्यान ठेवलाय. पण आकड्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे एका बाजूचे सगळे स्पोक सारखे हवेत, आणि माझा सगळा वेळ त्यातच जातो. वजन खरोखर कमी करायचं तर हलकी रिम घ्यावी लागते, आणि ड्रॉप मारणाऱ्याला ती मी देणार नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. पातळ क्विक रिलीजच्या (खटक्यानं आवळायच्या बारीक दांडीच्या) १३५ मिलिमीटर रुंदीच्या हबच्या फ्रेमवरही मी डाउनहिलचं, म्हणजे डोंगरउतारावर जोरात पळवायचं, चाक बांधत नाही. तुमची १४८ची थ्रू-एक्सल (आरपार जाणाऱ्या जाड एक्सलची) आहे, ती काळजी नाही.

सायकल घेऊन या. चाकाचा आउट काढून ताण पुन्हा सारखा करून देतो, त्याचे पैसे नाहीत. बेअरिंगचे लागतील, आणि दोन्ही बाजूंच्या एकदमच बदलू. रविवारी गर्दी असते. मधल्या वारी सकाळी आलात तर समोर बसवून सगळं दाखवता येईल. फक्त आदल्या दिवशी धुऊन आणू नका, चिखलासकटच आणा, म्हणजे पाणी नेमकं कुठून शिरतंय ते दोघांनाही बघता येईल.