उघडे सात, मिटलेले सात

"नव्या सर्व्हरवर डेटाबेसचा क्लायंट टाकून दे रे, अर्ध्या तासाचं काम आहे," असं मॅनेजर संध्याकाळी सव्वासहाला बॅग खांद्याला लावता लावता म्हणाला. आयटीत अर्धा तास म्हणजे मॅनेजरची बस सुटायला उरलेला वेळ.

पहिला दीड तास इन्स्टॉलरनंच खाल्ला. ओरॅकल क्लायंट म्हणजे डेटाबेसशी बोलायला लागणारं सॉफ्टवेअर. त्याचा इन्स्टॉलर खिडक्या उघडून 'नेक्स्ट, नेक्स्ट' म्हणवून घेणारा, आणि आमचा सोलारिसचा (युनिक्सच्या कुळातली ऑपरेटिंग सिस्टिम) सर्व्हर बिचारा काळ्या पडद्याचा, ना मॉनिटर ना माउस. खिडक्या कुठल्या पडद्यावर उघडायच्या ते सांगणाऱ्या 'डिस्प्ले' व्हेरिएबलची मनधरणी करून थकलो, मुकाट रिस्पॉन्स फाइलमध्ये सगळी उत्तरं आधीच भरली आणि खिडक्यांविना, सायलेंट मोडमध्ये उरकलं. सायलेंट फक्त इन्स्टॉलर होता. मी बराच बोललो.

मग आली टीएनएसनेम्स डॉट ओरा. ही फाइल म्हणजे घरातली फोनची जुनी डायरी. डावीकडे टोपणनाव, उजवीकडे मशीनचं नाव, पोर्ट १५२१, सर्व्हिसचं नाव. फक्त ही डायरी कंसांत लिहायची असते. डिस्क्रिप्शनच्या पोटात अ‍ॅड्रेस, अ‍ॅड्रेसच्या पोटात होस्ट आणि पोर्ट, प्रत्येकाचा संसार वेगळा. स्क्रीनला बोट लावून मोजले. उघडे सात, मिटलेले सात. डेटाबेसला जोडून देणाऱ्या एसक्यूएल प्लसला हाक मारली.

ओआरए-१२१५४. म्हणजे, असं कुणी आमच्या ओळखीत नाही.

डीबीए, म्हणजे डेटाबेस सांभाळणाऱ्या, सरांना फोन लावला. मागे टीव्हीवर मॅच. "अरे, माझ्याकडून लागतंय. टीएनएसपिंग करून बघ." केलं. टीएनएसपिंग म्हणजे डायरीतलं नाव सापडतं का, पलीकडून कुणी ओ देतं का, ते बघणारी कमांड. तेही तेच म्हणालं, नाव सापडत नाही. टोपणनाव मोठ्या लिपीत लिहिलं, छोट्या लिपीत लिहिलं. (त्यानं काही फरक पडत नाही हे मला माहीत आहे. रात्री अकराला माणूस नवससुद्धा बोलतो.) विंडोजवरून चिकटवताना आलेली अदृश्य अक्षरं काढली. कंस पुन्हा मोजले. सातच.

शेवटी वैतागून ती फाइलच दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवली आणि पुन्हा पिंग मारलं.

चूक तीच. अक्षर इकडचं तिकडे नाही.

चार तास मी ज्या पत्राची शुद्धलेखनं सुधारत होतो, ते पत्र कुणी उघडलंच नव्हतं! टीएनएसपिंग दर वेळी चुकीच्या वर एक ओळ छापतं, कुठली पॅरामीटर फाइल वापरली त्याची. ती ओळ संध्याकाळपासून माझ्यासमोर होती. माझी नजर थेट खालच्या चुकीवर. त्या ओळीतला रस्ता भलत्याच फोल्डरला जात होता, कारण लॉगिनच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या डॉट प्रोफाइल फाइलमध्ये डायरीचा फोल्डर सांगणारं 'टीएनएस अ‍ॅडमिन' तिकडे बोट दाखवत होतं. आणि ते प्रोफाइल जुन्या सर्व्हरवरून जसंच्या तसं उचलून आणलं होतं मीच, वेळ वाचावा म्हणून.

बारा चाळीसला कनेक्ट झालं. मॅच संपली असावी, सर लगेच म्हणाले, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"

रात्री दोनला आपोआप चालणारा जॉब पडला. लायब्ररी सापडत नाही. ठरल्या वेळी जॉब चालवणारा क्रॉन आपलं प्रोफाइल वाचत नाही. माझ्या लॉगिनला मिळतं ते त्याच्या ताटात आपोआप येत नाही. जॉबच्या स्क्रिप्टच्या माथ्यावर हे रस्ते सांगणाऱ्या एक्सपोर्टच्या तीन ओळी घालायच्या होत्या. या वेळी कुठून उचलल्या नाहीत, स्वतःच्या हातानं टाइप केल्या.

त्यातली दुसरी चुकली.