अर्धा स्वर उतरलाय म्हणे!

सकाळी एका ग्रुपवर जर्मन संगीतकार बाखच्या बी मायनर मासची (चर्चच्या लॅटिन प्रार्थनेला लावलेलं, कोरस आणि वाद्यवृंदाचं मोठं संगीत) लिंक पडली, जुन्या वाद्यांवरच्या रेकॉर्डिंगची. दहा मिनिटांत निकाल हजर: "बेसूर आहे. ट्यूनर ॲप लावून बघितलं, अर्धा स्वर उतरलाय. आणि कोरसमध्ये माणसं आहेत की नाहीत?" त्यावर पाच-सहा अंगठे.

आपण काळी एक, काळी दोन म्हणत वाढलेली माणसं. गाणारा बदलला की पट्टी बदलते, तानपुरा नव्याने लागतो, आणि बेसूर हा शब्द कुणाच्या तोंडातही येत नाही. मग बाखनेच काय घोडं मारलंय? ॲप ज्याच्याशी ताडून बघतं तो ४४० हर्ट्झचा 'ए' (वाद्यं जुळवायचा पाश्चात्त्य सूर) ठरला १९३९ साली, लंडनच्या परिषदेत. बाख गेला १७५० ला. आज जुन्या वाद्यांचे संच बहुधा ४१५ वर लावतात, म्हणजे तुमच्या हार्मोनियमची सफेद सहा सोडून काळी चार. तोही आजच्या वादकांनी सोयीने ठरवलेला आकडा आहे. बाख नोकरीला होता त्या खुद्द लायप्झिगमध्ये चर्चचा ऑर्गन बाकीच्या वाद्यांपेक्षा अख्खा एक स्वर चढा होता, म्हणून ऑर्गनवाल्याचा कागद एक स्वर उतरवून लिहावा लागे. एकाच चर्चमध्ये दोन पट्ट्या! त्या ॲपने तिथे काय सांगितलं असतं?

आणि अर्धा स्वर उतरल्याने काय होतं तेही ऐका. वरच्या सुरांवर सोप्रानोंना (सर्वात उंच आवाजाच्या गायकांना) किंचाळावं लागत नाही, शब्द कळतात. व्हायोलिनची आतड्याची तार स्टीलपेक्षा कमी ताणावर असते. आवाज लहान, पण प्रत्येक सुराची सुरुवात 'च्' केल्यासारखी स्वच्छ. जुना गज टोकाकडे हलका, त्यामुळे ओढता ओढता सूर आपोआप निवतो आणि दोन सुरांमध्ये हवा राहते. चार आवाजांची फ्यूग (एकच चाल एकामागून एक आवाज उचलतात ती रचना) चालू असताना ही हवा नसेल तर नुसता लगदा होतो.

ट्रम्पेटचं तर विचारूच नका. आपल्या तुतारीसारखंच, कळ नाही, बटण नाही, जवळजवळ सात फुटांची नळी. जे काही आहे ते ओठांत. नळीतून नैसर्गिक निघणारा अकरावा सूर ना धड शुद्ध मध्यम, ना तीव्र. मधेच कुठेतरी लटकतो. वादक तो ओठांनी ओढून जागेवर आणतो, आणि कधीतरी तो फुटतो. (आजचे बरेच वादक नळीला बारीक छिद्रं पाडून घेतात. बाखच्या काळी ती नव्हती. असो, त्यांनाही पोट आहे.)

बरं, आता थोडं मान्य करतो. १९६८ साली संगीत-संचालक हार्नोनकूर्टने हाच मास जुन्या वाद्यांवर प्रथम रेकॉर्ड केला, तेव्हापासून सत्तरच्या दशकापर्यंतच्या काही रेकॉर्डिंगमध्ये ओबो (सनईसारखं वाद्य) खरोखर हलतात, मुलांचे आवाज वरच्या सुरावर डळमळतात. पण ते बेसूर म्हणजे हात बसला नसल्याचं बेसूर. त्याचा ४१५ शी संबंध नाही! ॲपवाल्यांना हा फरक कळत नाही, राग त्याचा आहे. हार्मोनियमचा गंधार शुद्ध गंधारापेक्षा सुमारे १४ सेंट (अर्ध्या स्वराचे शंभर सेंट) चढा असतो, ते मात्र यांना आयुष्यभर खटकलं नाही.

आता "माणसं आहेत की नाहीत". २३ ऑगस्ट १७३० ला बाखने लायप्झिगच्या नगरपालिकेकडे लेखी रडगाणं मांडलं: प्रत्येक कोरसला निदान १२ गायक हवेत, १६ मिळाले तर उत्तम. शंभर-दीडशेचा विषयच नव्हता. पुढे १९८१ मध्ये संगीत-अभ्यासक आणि संचालक जोशुआ रिफ्किनने त्याच्याही पुढे जाऊन मांडलं की बाखच्या कोरसमध्ये एका ओळीला एकच गायक असे, आणि वर्षभरात हाच मास तसा रेकॉर्डही केला. भांडण अजून मिटलेलं नाही. मला स्वतःला एकेरी आवाज मासच्या क्रूसिफिक्सुस या भागात पटतात, सहा आवाजांच्या सांक्तुसमध्ये नाहीत. तीन ट्रम्पेट आणि टिंपनीसमोर (मोठ्या नगाऱ्यांसमोर) सहा माणसं उभी केली की त्यांची दया येते. आणि हो, क्लेम्पररसारख्या संचालकांच्या जुन्या संथ, भारदस्त रेकॉर्डिंगलाही वजन आहे. आहे म्हणजे आहे.

सकाळच्या त्या गृहस्थांवर चिडलो खरा, पण लिंक उघडून दहा मिनिटं ऐकलं तरी त्यांनी. तेवढंही कोण करतं? तेव्हा त्यांच्यासाठीच लिहितो.

फोनच्या स्पीकरवर ऐकू नका, खालचा व्हिओलोन (गजाने वाजवायचं खर्जाचं मोठं तंतुवाद्य) त्यातून येतच नाही आणि मग सगळं चिरकं वाटतं. साधे वायरवाले हेडफोन चालतील. गाण्याच्या ॲपमधला क्रॉसफेड (एक ट्रॅक संपताना पुढचा त्यात मिसळणं) बंद करा. क्वोनियाम या भागाच्या शेवटाला जोडूनच पुढचा कुम सांक्तो सुरू होतो, तिथे दोन्ही एकमेकांत मिसळले तर मजा गेली. शफल बंद, हे सांगायला नको. पहिल्यांदा जपानी संचालक सुझुकींचं रेकॉर्डिंग लावा. बाखचे चर्चसाठीचे कंटाटा (गायक आणि वाद्यांच्या छोट्या रचना) १९९५ ते २०१३ अशी अठरा वर्षं जपानात, कोबेच्या एका चॅपेलमध्ये रेकॉर्ड करणारा माणूस आहे. त्यांचा कोरस लहान, पण एकेरी नाही.

आणि सुरुवात किरिये या पहिल्या भागापासून नको. सरळ क्रूसिफिक्सुस. १७१४ च्या एका कंटाटातून बाखने तो उचलला. बास बघा कसा उतरतो: सा, शुद्ध नी, कोमल नी, शुद्ध ध, कोमल ध, पंचम. चार मात्रागटांचा (बारचा) हा तुकडा १३ वेळा येतो. जुन्या कंटाटात प्रत्येक सूर लांब धरलेला होता. इथे बाखने तोच सूर तोडून पुन्हा पुन्हा वाजवायला लावलाय, छातीतल्या ठोक्यासारखा. वर दोन लाकडी बासऱ्या हुंदके देतात. आतड्याच्या तारेवर तो प्रत्येक ठोका वेगळा ऐकू येतो. तेराव्या फेरीला बासऱ्या आणि व्हायोलिन गप्प होतात, आवाज तळाला जातात, इतके हळू की हात आपोआप व्हॉल्यूमकडे जातो.

तिथे आवाज वाढवू नका. पुढच्या क्षणी तीन ट्रम्पेट, टिंपनी आणि अख्खा कोरस येतोय.