लिस्बन बघायचं तर जानेवारीत बघा

पणजी-मडगावकडची निवृत्तीला टेकलेली मंडळी हल्ली लिस्बनचं नाव काढतात. कोणाच्या आईवडिलांचा जन्म १९ डिसेंबर १९६१ पूर्वी, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतल्या गोव्यात झालेला, म्हणून पोर्तुगीज नागरिकत्वाची वाट धरलेली. कोणी पेन्शन आणि घरभाड्याच्या जोरावर डी-सेव्हन व्हिसाचा (नोकरीविना, स्थिर उत्पन्नावर पोर्तुगालमध्ये राहू देणारा) हिशेब मांडतंय. मग ‘आधी एकदा बघून तर येऊ’ म्हणून फेरी ठरते, ती हटकून जूनची. तेव्हा सांत आंतोनियोचं फेस्त, गल्लोगल्ली निखाऱ्यावर सार्डिन, रात्री नऊपर्यंत उजेड. आपल्या पणजीच्या फोंताइन्याशसारख्या गल्ल्या बघून माणूस विरघळतो. माझं म्हणणं एवढंच, की राहायला जायचं असेल तर पहिली फेरी जानेवारीत करा आणि हॉटेलात न उतरता महिनाभर साधा फ्लॅट घ्या.

जानेवारीत तिथे पाऊस असतो. पारा दिवसा १४-१५, रात्री ८-९ अंश. युरोपच्या मानाने थंडी काहीच नाही, पण त्रास घराबाहेर नसून घरात आहे. जुन्या इमारतींत घर तापवायची सोय नसते, भिंती ओल धरतात. आपल्याकडे आषाढात चपलांना बुरशी येते, पण ती ओल उबदार. तिथली गार ओल गुडघ्यांत शिरते. घर बघताना कपाट पुढे ओढून मागची भिंत बघा. एकाच कोपऱ्याला ताजा पांढरा रंग दिसला तर संशय घ्या. घराचा ऊर्जा दाखला मागा: श्रेणी ए-प्लस ते एफ. ई किंवा एफ असेल तर हिवाळा जड जाणार.

विजेचा मंजूर भार विचारायला कोणी जात नाही. लहान फ्लॅटला बहुधा ३.४५ केव्हीए, म्हणजे साधारण ३४५० वॅट असतो. २००० वॅटचा हीटर चालू असताना तेवढ्याच वॅटची चहाची किटली लावलीत की मेन स्विच पडला. भार वाढवून मिळतो, पण मग बिलातला स्थिर आकारही वाढतो. गरम पाणी गॅसच्या सिलिंडरवर असेल, तर तो जिना चढवणार कोण, हेही विचारून ठेवा.

जिन्याचंच घ्या. आल्फामा, मोरारिया, ग्रासा या चढ-उताराच्या जुन्या वस्त्या फोटोंपुरत्या ठीक. चुनखडीच्या दगडांचे फूटपाथ झिजून गुळगुळीत झालेत, पावसात उतारावर पाय सटकतोच. सपाट भाग हवा तर आव्हेनिदास नोव्हास, आल्वालाद, कांपो द ओरीक बघा. मात्र आल्वालादच्या बऱ्याच तीन-चार मजली इमारतींना लिफ्ट नाही. पाच किलोची पिशवी घेऊन बाजार ते घर दोनदा चालून बघा, त्यातच काय ते कळेल.

सरकारी आरोग्यसेवा चांगली, पण लिस्बन भागात फॅमिली डॉक्टरविना राहिलेले लोक लाखांत आहेत. ज्या वस्तीत घर बघताय तिथल्या आरोग्य केंद्रात जाऊन नवीन नावं घेतात का, हे तोंडी विचारा. खासगी विमा पासष्टीनंतर महाग, आणि जुने आजार बहुधा वगळलेले. गोळ्यांची चिठ्ठी मूळ औषधाच्या नावाने लिहून न्या, मेटफॉर्मिन, ॲम्लोडिपिन अशी. आपले ब्रँड तिथे चालत नाहीत.

कागदपत्रांत पहिला नंबर करक्रमांकाचा, म्हणजे एनआयएफचा. त्याच्याविना भाडेकरार होत नाही. करार करखात्यात नोंदवलेलाच हवा. ‘नोंदणी नको, भाडं कमी करतो’ म्हणणाऱ्या मालकाकडून उठून या, कारण व्हिसाला तो कागद चालणार नाही. स्थानिक जामीनदार नसेल तर कित्येक महिन्यांचं भाडं आगाऊ मागतात. डी-सेव्हनला उत्पन्न तिथल्या किमान वेतनाइतकं लागतं. २०२५ साली ते महिना ८७० युरो होतं, जोडीदारासाठी आणखी निम्मं. तेवढ्यात व्हिसा मिळेल, लिस्बनमध्ये घर चालणं कठीण. वर्षात १८३ दिवसांहून जास्त राहिलात की पणजीतल्या फ्लॅटचं भाडंही तिथल्या विवरणपत्रात दाखवावं लागतं.

खाण्याची काळजी नको. बांगड्याचा भाऊबंद मिळतो, नारळ-मसाले मार्तीं मोनीश चौकाजवळच्या दुकानांत. सोमवारी मात्र ताज्या मासळीची आशा धरू नका.

नागरिकत्वाच्या वाटेने जाणाऱ्यांसाठी एक गोष्ट, जी एजंट सहसा सांगत नाहीत. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही. पोर्तुगीज झालात की भारतीय नागरिकत्व जातं, आणि उरतं ते परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणारं ओसीआय कार्ड. त्यावर वारसाने आलेलं कुळागर, म्हणजे माडा-पोफळीची बाग, ठेवता येतं, पण नवी शेतजमीन किंवा बागायत विकत घेता येत नाही. भावाचा हिस्सा घ्यायचं मनात असेल, तर ते खरेदीखत नागरिकत्वाचा अर्ज टाकण्याआधीच नोंदवून घ्या.