ढोलीचा पत्ता कशाला हवा?

पक्षी-प्राण्यांच्या नोंदी सगळ्यांसाठी खुल्या ठेवा, असं सांगणारा लेख वाचला. ‘छंद म्हणून केलेल्या नोंदीही कडीकुलपात ठेवू नका’ हे त्यातलं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण ‘प्रत्येक नोंद अचूक ठिकाणासकट सगळ्यांना दिसावी’ इथे माझी गाडी अडते.

रानपिंगळ्याचंच घ्या. 1884 नंतर या घुबडाची खरी नोंदच नव्हती. मधे 1914 ची गुजरातेतली एक होती, कर्नल माइनर्ट्झहेगन या ब्रिटिश लष्करी अधिकारी व पक्षीसंग्राहकाची. ती निघाली बनावट! दुसऱ्याने गोळा केलेला, संग्रहालयातला मृत पक्ष्याचा नमुना ढापून साहेबांनी त्यावर आपली चिठ्ठी डकवली होती. अमेरिकी पक्षीशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी ही लबाडी उघडी पाडली, जुन्या खऱ्या नोंदींचा माग धरला आणि 1997 मध्ये शहाद्याजवळ त्यांना व सहकाऱ्यांना पक्षी दिसला. तेव्हा नोंद तपासता आलीच पाहिजे, यात वादच नाही.

पण आज घरट्याचं लोकेशन ग्रुपवर पडलं, की रविवारी ढोलीसमोर कॅमेऱ्यांची रांग. मोबाइलवर घुबडाचा आवाज वाजवायचा, नर हद्द राखायला बाहेर येऊन ओरडत बसतो, पिल्लांचं खाणं राहतं बाजूला. (‘फक्त एक फोटो, सर!’)

निसर्गनोंदींचं संकेतस्थळ आयनॅचरलिस्ट संकटग्रस्त जातींचं ठिकाण धूसर करतं, पक्षीनोंदींचं ई-बर्डही संवेदनशील नोंदी झाकतं. अभ्यासकाने तपशील रीतसर मागून घ्यावा, मला हेच पटतं. फक्त संशोधकांनीही शोधनिबंधात नोंद देणाऱ्याचं नाव छापावं. ‘स्थानिकांच्या माहितीनुसार’ एवढ्यावर बोळवण केली, तर पुढच्या वेळी कोण कशाला सांगेल?