7 लाख पियानोंचा हिशेब

मेलबर्नच्या मराठी मंडळींत गेले काही महिने एक मजकूर फिरतो आहे, आणि आता तो पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांकडून पुन्हा आमच्याकडे येऊ लागला आहे. त्यात चार विधाने आहेत. 1888 साली ऑस्ट्रेलियात 7 लाख पियानो होते, म्हणजे घरटी एक. सोन्याच्या खाणींमुळे साधा मजूरही पियानो रोखीने विकत घेई. इथल्या हवेत तो वर्षा-दोन वर्षांत निकामी होई, त्यामुळे तो दिवाणखान्याची शोभा म्हणूनच उभा असे. आणि जे पियानो उरले ते आज लाखमोलाचे आहेत. जुने पियानो दुरुस्त करणे आणि सुरात लावणे हा माझा या शहरातला व्यवसाय आहे. एकोणिसाव्या शतकातले पियानो मी रोज उघडतो, आणि त्यांच्या आत जे दिसते ते या मजकुराशी जुळत नाही.

आधी आकडा पाहू. 1888 मध्ये मेलबर्नला वसाहतीच्या शताब्दीचे आंतरराष्ट्रीय प्रदर्शन भरले होते. त्यासाठी परीक्षक म्हणून फ्रान्सहून आलेले संगीतकार आणि समीक्षक ऑस्कार कोमेतां यांनी परतल्यावर लिहिलेल्या प्रवासवर्णनात 7 लाखांचा उल्लेख केला. तो त्यांनी मोजलेला आकडा नव्हता, कानांवर आलेला होता. आणि गोरे लोक इथे वसल्यापासून युरोपातून रवाना झालेल्या पियानोंबद्दल होता, त्या वर्षी घराघरांत उभ्या असलेल्या पियानोंबद्दल नव्हता. हा फरक पुढच्या लोकांनी गाळून टाकला.

पण मूळ विधानही हिशेबात बसत नाही. 1891 च्या जनगणनेत ऑस्ट्रेलियाच्या सगळ्या वसाहतींची लोकसंख्या सुमारे 32 लाख भरली. एका घरात सरासरी पाच माणसे धरली, तर घरे होतात साडेसहा लाखांच्या आत, आणि त्या घरांत मेंढपाळांच्या झोपड्या, खाणींवरचे तंबू हे सगळे आले. घरांपेक्षा पियानो जास्त, असे मानायला कोणी तयार होईल असे मला वाटत नाही. दुसऱ्या बाजूनेही तपासता येते. इंग्लंडात 1850 च्या सुमारास वर्षाला 23 हजार, 1870 च्या सुमारास 25 हजार आणि 1890 च्या सुमारास 50 हजार पियानो बनत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. म्हणजे त्या 40 वर्षांतले सगळे मिळून 12 लाखांच्या आसपास. त्यांतले निम्म्याहून अधिक एकट्या ऑस्ट्रेलियात आले म्हटले, तर खुद्द इंग्लंडातल्या घरांना, कॅनडाला, हिंदुस्थानाला आणि दक्षिण आफ्रिकेला उरले किती? जर्मनीचा माल मोठ्या प्रमाणात यायला लागला तो शतकाच्या शेवटच्या दोन-तीन दशकांत, आणि 1870 मध्ये जर्मनीचे सारे उत्पादनच 15 हजारांच्या घरात होते. लोकसंख्येच्या मानाने इथे पियानो फार होते हे खरे आहे. तेवढे म्हटले असते तर माझी काहीच हरकत नव्हती.

रोखीने खरेदीचे विधान मला अधिक खटकते, कारण त्यात त्या काळच्या सामान्य घरांची ओढाताण पुसली जाते. मेलबर्नच्या पाथरवटांनी 1856 मध्ये आठ तासांचा दिवस मिळवला, आणि 1880 च्या दशकात इथल्या कुशल कारागिराला दिवसाला 10 शिलिंगांच्या आसपास मिळत. जगातल्या इतर शहरांच्या मानाने ही मजुरी चांगली होती. तरी 50 पौंडांचा पियानो (पौंडाचे शिलिंग 20) म्हणजे त्याची 100 दिवसांची पुरी कमाई, तीही घरभाडे, किराणा आणि मुलांचे बूट यांना हात न लावता. एवढी रक्कम एकदम मोजणारी माणसे अर्थातच होती, पण पियानो ज्यांच्यामुळे गल्लोगल्ली पोचला ती माणसे वेगळी.

ही माणसे पियानो महिन्याच्या भाड्याने आणत, नाहीतर घर मोडून परत निघालेल्या कुटुंबाच्या लिलावात घेत. या देशातला पहिला पियानोदेखील असाच हात बदलून गेला: 1788 मध्ये वसाहत करायला इंग्लंडहून आलेल्या पहिल्या ताफ्यात शल्यवैद्य जॉर्ज वर्गन यांनी तो आणला आणि 1791 मध्ये मायदेशी परतताना इथल्या एका लष्करी अधिकाऱ्याच्या पत्नी एलिझाबेथ मॅकार्थर यांच्याकडे ठेवला. पुढे शतकाच्या उत्तरार्धात भाडेखरेदीची पद्धत रुळली. दर महिन्याला ठरलेली रक्कम भरायची, शेवटचा हप्ता भरला की पियानो आपला, आणि तोवर तो दुकानदाराचा. या कराराचा अर्थ काय, यावर लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे ब्रिटनच्या तेव्हाच्या सर्वोच्च न्यायालयाने, 1895 मध्ये हेल्बी विरुद्ध मॅथ्यूज या खटल्यात जो निर्णय दिला, त्याच्या मुळाशी एक पियानोच होता. ग्राहकाने महिन्याला 10 शिलिंग 6 पेन्स असे 36 हप्ते भरायचे होते, एकूण 18 पौंड 18 शिलिंग. हप्ते संपण्याआधीच त्याने तो पियानो गहाण टाकला, आणि न्यायालयाने ठरवले की मालकी दुकानदाराचीच असल्यामुळे गहाण घेणाऱ्याला तो परत करावा लागेल. खटला लंडनचा असला, तरी वसाहतींतली न्यायालये याच निर्णयांकडे पाहून चालत. एप्रिल-मे 1893 मध्ये मेलबर्नच्या बँका एकामागून एक दारे लावू लागल्या, तेव्हा असा निम्मा फेडलेला पियानो ज्यांच्या घरात होता त्यांना दर महिन्याची तारीख कशी वाटत असेल, याचा विचार हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी जरूर करावा.

आता हवेविषयी. हे विधान पूर्ण खोटे नाही. अगदी सुरुवातीला आलेल्या पियानोंचे खरोखरच हाल झाले, कारण त्यांचा सांगाडा लाकडी, जोड सरसाचे आणि वर पातळ चिकटवलेले शोभेचे लाकूड. शिडाच्या जहाजातून तीन-तीन महिने, उष्ण कटिबंध ओलांडून यायचे. म्हणून ते जस्ताच्या पत्र्याने आतून मढवलेल्या पेट्यांत बंद करून पाठवत. बंदरात उतरल्यावरही प्रवास संपत नसे. मेलबर्नहून बॅलराट आणि बेंडिगो या खाणींच्या गावांना रेल्वे पोचली 1862 मध्ये. त्याआधी बैलगाडी आणि खाचखळग्यांचा रस्ता, एवढाच मार्ग होता.

घरात आल्यावर खरी परीक्षा. तारांच्या मागे स्प्रूस लाकडाची पातळ फळी असते आणि तिला किंचित फुगवटा दिलेला असतो; आवाज तिच्यामुळे भरतो. उन्हाळ्यात उत्तरेचा कोरडा वारा सुटला की ही फळी आटते, फुगवटा बसतो आणि सगळे सूर उतरतात. ज्या जाड फळीत खुंट्या ठोकलेल्या असतात तीही आटली की खुंट्यांची पकड जाते, आणि तानपुऱ्याची सैल खुंटी जशी लावता लावता घसरते तसे दोनशेहून अधिक खुंट्यांचे होते. दमट हवेत याच्या उलट: पट्ट्या फुगून अडकतात, तारांना गंज चढतो, तारांवर आपटणाऱ्या हातोड्यांचे सांधे आखडतात. शिवाय हातोड्यांवरच्या फेल्टला, म्हणजे दाबलेल्या लोकरीला, कसर लागते ती वेगळीच.

पण लोकांनी यावर हात टेकले नाहीत. बिडाच्या अखंड चौकटीचे पियानो आले, तसा तारांचा ताण लाकडावरून लोखंडावर गेला. स्टुटगार्टचे लिप आणि ड्रेस्डेनचे रोनिश हे जर्मन पियानो इथे इतके खपले, त्यामागे हा भक्कमपणा हे मोठे कारण होते, असे मी त्यांच्यावर काम करताना अनुभवाने सांगू शकतो. पुढे सिडनीत ऑक्टेव्हियस बील यांनी कारखाना काढला आणि लाकडात ठोकलेल्या खुंट्यांऐवजी लोखंडातच बसवलेल्या खुंट्यांची रचना केली. इथल्या हवेला दिलेले ते सरळ उत्तर होते. घरगुती उपायही होते. कोरड्या भागात पियानोच्या तळाशी पाण्याची बरणी ठेवत, आणि ती कधी कलंडली असेल तर तिथल्या फळीवरचा गोल डाग अजून दिसतो. आणि सगळ्यांत महत्त्वाचे म्हणजे गावोगाव फिरून पियानो सुरात लावणारे ट्यूनर होते. निकामी शोभेच्या वस्तूसाठी कोणी ट्यूनरला पुन्हा पुन्हा पैसे देत नाही.

राहिला लाखमोलाचा मुद्दा. तो वाचून लोक लिलावातून जुने पियानो उचलून आणतात आणि मग मला बोलावतात, म्हणून स्पष्ट सांगतो. शंभर-सव्वाशे वर्षांचा सामान्य उभा पियानो इथे बहुतेक वेळा फुकट मिळतो, फक्त हलवण्याचा खर्च आपला असतो. खुंट्या सैल असतील तर दुरुस्तीचा खर्च नव्या वाद्याच्या किमतीजवळ जातो. घ्यायचाच असेल तर मेणबत्त्यांच्या पितळी दांड्या आणि नक्षी पाहून भुलू नये. वरचे झाकण उघडावे, खुंट्यांभोवती भेगा आहेत का ते पाहावे, आणि मंद्रातला एखादा सूर दाबून धरून तो किती वेळ टिकतो ते ऐकावे.

आणि जमले तर डावीकडची पहिली पट्टी बाहेर काढून तिची लाकडी बाजू उजेडात धरावी. जुन्या ट्यूनरांना काम झाले की तिथे पेन्सिलीने तारीख टाकण्याची सवय होती. माझ्याकडे सध्या दुरुस्तीला आलेल्या एका जर्मन पियानोच्या पट्टीवर अशा तारखांची रांग आहे. दोन वेगळ्या हातांची अक्षरे, अंतर बहुतेक सहा-सहा महिन्यांचे, आणि पट्टीची कड संपली तेव्हा पुढची तारीख शेजारच्या पट्टीवर लिहिलेली.