डिक्सव्हिल नॉच: सहा मतदार आणि 100 टक्क्यांचा गवगवा

अमेरिकेत निवडणूक लागली, किंवा मुंबई-पुण्यात मतदान कमी झालं, की एक मेसेज हमखास फिरतो. न्यू हॅम्पशायर राज्यात डिक्सव्हिल नॉच नावाचं खेडं आहे. रात्री 12 च्या ठोक्याला अख्खं गाव मतदानाला हजर असतं. मतदान 100 टक्के. हे गाव ज्याला निवडतं तोच अध्यक्ष होतो, कारण ग्रामीण अमेरिकेची नाडी तिथे कळते. शेवटी आपल्याला टोमणा: आणि आपण? सुट्टी मिळाली की लोणावळा!

लोणावळ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. बाकीचं बघू.

आधी भविष्यवाणी, कारण ती धडधडीत खोटी आहे. मध्यरात्रीचं मतदान इथे 1960 साली सुरू झालं. निक्सन 9, केनेडी 0. अध्यक्ष झाले केनेडी. 1964 ला गावानं गोल्डवॉटरना निवडलं, देशानं जॉन्सनना. 1968 ला गाव हम्फ्रींच्या बाजूनं, तर देश निक्सनच्या. म्हणजे सलामीच्या तिन्ही निवडणुकांत अंदाज साफ चुकला. पुढे 1976 ला फोर्ड, 1992 ला थोरले बुश, 1996 ला डोल आणि 2016 ला हिलरी क्लिंटन, हे सगळे इथे जिंकले आणि देशात हरले. 2012 ला ओबामा-रॉम्नी 5-5, 2024 ला हॅरिस-ट्रम्प 3-3. या बरोबरीतून ज्याला जो अध्यक्ष हवा तो त्यानं काढावा. 2024 च्या जानेवारीत रिपब्लिकन प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवण्याच्या मतदानात, सहाच्या सहा मतं निकी हेलींना पडली, आणि त्याच दिवशी राज्य मात्र ट्रम्प यांनी जिंकलं.

आता 'अख्खं गाव'. डिक्सव्हिल म्हणजे मुळात 'द बाल्सम्स' हे डोंगरातलं मोठं हॉटेल आणि त्याच्या आसऱ्यानं राहणारी माणसं. रबराच्या धंद्यात नाव कमावलेले नील टिलॉटसन हे हॉटेलचे मालक. 2001 साली, वयाच्या 102 व्या वर्षी ते वारले. तोवर पहिलं मत टाकण्याचा मान त्यांचाच. 2000 साली इथे बुश यांना 21 आणि गोर यांना 5 मतं पडली होती. 2011 ला हॉटेल बंद पडलं, रोजगार गेला, माणसं पांगली. 2020 ला पाचच मतं पडली, पाचही बायडन यांना. त्याच्या आदल्या वर्षी तर निवडणुकीची पदं भरायला लागतात तेवढी पाच माणसंही गावात नव्हती. हॉटेलचा जीर्णोद्धार करू पाहणारे लेस ऑटन तिथे राहायला आले, म्हणून प्रथा टिकली. इथे आता मतदारांपेक्षा कॅमेरेवालेच जास्त असतात.

100 टक्के हा आकडा खरा आहे, पण तो काय सांगतो? तिथल्या कायद्यानुसार अशा चिमुकल्या गावांना मध्यरात्री केंद्र उघडता येतं आणि यादीतल्या सगळ्यांनी मत दिलं की लगेच बंद करून मोजणी करता येते. म्हणजे निकाल जाहीर झाला तोच मुळी सगळ्यांची मतं पडली म्हणून. एक जण जरी झोपून राहिला असता, तर मध्यरात्रीची बातमीच झाली नसती. आपल्याकडे गीरच्या जंगलात बाणेजला एकाच मतदारासाठी केंद्र लागतं. तिथेही मतदान 100 टक्के होतं, पण त्यावरून कुणी गुजरातच्या मतदाराचा कल सांगत नाही. उरलेल्या अमेरिकेत 2020 सारख्या चुरशीच्या वर्षीही मतदान झालं सुमारे 66 टक्के, आणि हा त्यांच्याकडे कित्येक दशकांतला उच्चांक.

'जगातलं पहिलं मध्यरात्रीचं मतदान' असंही काही मेसेजांत जोडलेलं असतं. त्याच राज्यातल्या हार्ट्स लोकेशननं ते 1948 लाच केलं होतं, पहाटे कामावर जाणाऱ्या रेल्वे कामगारांच्या सोयीसाठी.

राहिली नाडी. 2016 च्या त्याच रात्री शेजारच्या मिल्सफिल्डनंही मध्यरात्री मतदान केलं. तिथे ट्रम्प 16, क्लिंटन 4. डिक्सव्हिलमध्ये क्लिंटन 4, ट्रम्प 2. एकाच रस्त्यावरची ही दोन गावं. यातलं ग्रामीण कुठलं?

खरं राजकारण बघायचं तर ही दोन्ही गावं ज्या कोऑस काउंटीत (म्हणजे आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा भाग) येतात ती बघावी. राज्याच्या उत्तर टोकाचा हा जंगलाचा मुलूख लाकूड आणि कागदावर जगला. इथल्याच बर्लिन गावची (जर्मनीतलं नव्हे) कागदाच्या लगद्याची गिरणी 2006 ला बंद झाली, ग्रोव्हटनची कागद गिरणी 2007 ला. या काउंटीनं 2008 आणि 2012 ला ओबामांना मतं दिली, आणि 2016, 2020, 2024 अशी तिन्ही वेळा ट्रम्पना. गिरण्या बंद पडल्या म्हणूनच असं झालं, इतकं सरळ ते नाही. त्या तर ओबामांच्या आधीच बंद पडल्या होत्या. मग मधल्या चार वर्षांत काय बदललं, हे बर्लिनच्या मतदारांना विचारायला हवं. ते मतदान करतात दिवसाउजेडी, आणि तिथे कॅमेरे नसतात.